परत निघालेला माणूस

ऑकलंडमध्ये राहतो आणि कॉर्नवॉल पार्क पाहिलेला नाही, असा मराठी माणूस शोधूनही सापडायचा नाही. नवीन आलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यातच कोणीतरी तिथे घेऊन जातं. भारतातून आई-वडील आले की जेट लॅग उतरल्यावर पहिली सहल तिथलीच. हिरवळीवर चादर अंथरायची, थालीपिठं, लोणचं आणि थर्मासमधला चहा काढायचा, मुलांना झाडांवर चढू द्यायचं. कुंपणापलीकडे मेंढ्या चरत असतात. भर शहरात मेंढ्या! आलेली पाहुणेमंडळी आधी मेंढ्यांचे फोटो काढतात, मग आपले.

२००६ साली माझे वडील, आमचे अण्णा, पहिल्यांदा आणि शेवटचे इथे आले तेव्हा मीही त्यांना तिथेच नेलं. अण्णा कराडच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी पाटी दिसली की वाचायची आणि पुतळा दिसला की थांबायचं, ही सवय गेली नव्हती. मनुकाऊ रोडच्या बाजूने पार्कात शिरताना एका म्हाताऱ्याचा ब्राँझचा पुतळा आहे. आपण त्याच्या बाजूने शंभर वेळा गाडी घेऊन गेलेलो असतो. अण्णा थांबले.

"हा कोण?"

"सर जॉन लोगन कॅम्पबेल. त्यांनीच हे पार्क शहराला दिलं." माझं ज्ञान इथे संपत होतं.

"इंग्रज?"

"स्कॉटिश."

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा वर पाहिलं आणि विचारलं, "परत गेला का रे हा कधी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. "नसेल गेला. गेला असता तर पुतळा कशाला उभारला असता?" असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. अण्णा हसले नाहीत. त्यांचा प्रश्न कॅम्पबेलबद्दल नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. १९९६ साली मी निघालो, तेव्हा एसटी स्टँडवर त्यांना सांगून आलो होतो, "पाच वर्षं, अण्णा. फार तर सहा." त्या दिवशी हिशेब दहावर गेला होता.

मग मी या म्हाताऱ्याच्या मागे लागलो. लायब्ररीतून पुस्तकं आणली, रविवारी पार्कातल्या पाट्या वाचत हिंडलो. आमच्या सौ. म्हणायच्या, "इतकं कराडच्या घराच्या कागदपत्रांत लक्ष घातलं असतं तर बरं झालं असतं." ते घराचं पुढे येईलच. आधी कॅम्पबेल.

जॉन लोगन कॅम्पबेलचा जन्म १८१७ सालचा, एडिंबरोचा. बाप डॉक्टर. मुलानेही एडिंबरोतच वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि १८३९ साली 'पाल्मायरा' नावाच्या जहाजावर डॉक्टर म्हणून तो ऑस्ट्रेलियाला निघाला. तिथे मेंढ्या पाळून पैसा करावा, असा बेत होता. प्रत्यक्ष पाहिल्यावर तो देश काही त्याला मानवला नाही. एप्रिल १८४०मध्ये, म्हणजे वैतांगीचा करार होऊन दोन महिने झालेले असताना, तो न्यूझीलंडच्या कोरोमंडल किनाऱ्यावर उतरला. वय बावीस. तिथे त्याला विल्यम ब्राउन हा दुसरा स्कॉटिश गृहस्थ भेटला. हा वकील. एक डॉक्टर, एक वकील, आणि दोघांनी मिळून काय काढलं? दुकान! शिकलं एक आणि पोटासाठी केलं दुसरं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं माझी इंजिनिअरिंगची पदवी ट्रंकेत आणि मी एका गोदामात खोकी भरण्याच्या कामावर. तेव्हा हे वाचताना मला त्या दोघांबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

नवी राजधानी वाइतेमाता बंदराच्या आसपास होणार, हा अंदाज या दोघांनी बरोबर बांधला होता. आधीच जाऊन जमीन धरून ठेवायची, हा बेत. त्यांनी माओरींकडे रेमुएराची जमीन मागितली. माओरींनी सरळ नाही म्हणून सांगितलं. (रेमुएरात घर घ्यायला गेलेल्या आपल्या अनेकांना पुढे बँकेने हेच उत्तर दिलं!) शेवटी त्यांना मोतुकोरेआ नावाचं एक छोटं बेट विकत मिळालं. मिशन बेच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिलं की रांगितोतोच्या अलीकडे, उजव्या हाताला, बसकं बेट दिसतं तेच. आता त्याला ब्राउन्स आयलंड म्हणतात. तिथे त्यांनी डुकरं पाळली आणि राजधानीची वाट पाहत बसले.

राजधानी आली. २० ऑक्टोबर १८४० रोजी नाती फातुआ जमातीचे प्रमुख ते कावाउ आणि त्यांच्या लोकांनी गव्हर्नर हॉब्सनला सुमारे तीन हजार एकर जमीन दिली. मोबदल्याची यादी करारात आहे: पन्नास पौंड रोख, पन्नास ब्लँकेटं, वीस विजारी, वीस सदरे, जाकिटं, दहा टोप्या, तंबाखूची चार पिंपं, चिलमींची एक पेटी, दहा लोखंडी भांडी, वीस कुऱ्हाडी, एक पोतं साखर, एक पोतं पीठ, आणखी काही कापडचोपड. त्यातली ४४ एकर जमीन सरकारने वर्षाच्या आत लिलावात विकली आणि २४,२७५ पौंड उभे केले. हे आकडे मी दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा वाचताना स्वल्पविरामाची चूक वाटली होती.

कॅम्पबेल १८४०च्या डिसेंबरमध्ये बेट सोडून किनाऱ्यावर आला आणि तंबू ठोकून दुकान मांडलं. एप्रिल १८४१मधल्या पहिल्या लिलावात ब्राउन आणि कॅम्पबेल यांनी शॉर्टलंड स्ट्रीटवर प्लॉट घेतला आणि तिथे लाकडी घर बांधलं. तेच 'अकेशिया कॉटेज'. ते १९२० साली उचलून कॉर्नवॉल पार्कात आणून ठेवलं आहे. ऑकलंडमधली टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी लाकडी इमारत. पुढच्या वेळी जाल तेव्हा जरूर डोकावा. आपल्याकडच्या चाळीतल्या दोन खोल्यांना लाजवेल असा ऐसपैसपणा तिथे अजिबात नाही!

धंदा म्हणाल तर 'ब्राउन अँड कॅम्पबेल'ने सगळं केलं. लिलाव केले, माल मागवला, जहाजांची दलाली केली, जमिनी घेतल्या-विकल्या. १८४४ साली 'बोलिना' हे जहाज भरून त्यांनी ऑकलंडहून थेट ब्रिटनला माल पाठवला. दुकान, गोदाम, बंदर, कर्ज, सगळीकडे यांची नावं. १८४७ साली ऑकलंड सेव्हिंग्ज बँक सुरू झाली ती यांच्याच क्वीन स्ट्रीटवरच्या गोदामात. पहिल्या दिवशी एकच ठेव आली, दहा पौंडांची. ती बँक म्हणजे आजची एएसबी. आपल्यापैकी कितीजणांचं या देशातलं पहिलं खातं तिथे उघडलं असेल!

आणि जिथे धंदा तिथे राजकारण आलंच. पन्नासएक घरांच्या गावात चार व्यापारी असले की दोन पक्ष होतात, हे काय मराठी माणसाला सांगायला हवं? आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याची निवडणूक असते, तसंच. ब्राउनचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं, 'सदर्न क्रॉस', १८४३ साली काढलेलं. गव्हर्नरवर, विरोधकांवर त्यातून तोफा सुटत. त्या काळी न्यूझीलंडचे प्रांत पाडलेले होते आणि प्रत्येक प्रांताचा प्रमुख लोकांनी निवडून द्यायचा, त्याला सुपरिंटेंडंट म्हणत. ब्राउन १८५५ साली ऑकलंडचा सुपरिंटेंडंट झाला, पण लवकरच खुर्ची सोडून ब्रिटनला निघाला. ती खुर्ची मागे राहिलेल्या भागीदाराच्या गळ्यात पडली. कॅम्पबेल सुपरिंटेंडंट झाला, पार्लमेंटचा सभासद झाला, १८५६ साली काही महिने मंत्रिमंडळातही बसला. एवढं सगळं मिळाल्यावर एखादा माणूस चिकटून राहिला असता. या गृहस्थाने त्याच वर्षी सगळ्या पदांचे राजीनामे दिले आणि बोटीत बसून युरोपला निघून गेला. कायमचा!

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अण्णांना फोन लावला होता. "अण्णा, तो गेला होता परत!"

"कोण?"

"तो पुतळ्यातला."

"मग?"

"मग पुन्हा आला."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "का?"

अण्णांचे प्रश्न नेहमी दोन अक्षरांचे असत आणि उत्तराला वर्षं लागत.

खरी गोष्ट अशी की कॅम्पबेल इथे स्थायिक व्हायला आलेलाच नव्हता. चार पैसे करायचे आणि सुसंस्कृत जगात परत जाऊन सुखाने राहायचं, हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा बेत. ऑकलंड हे त्याच्या लेखी पैसे मिळवायचं ठिकाण. १८४८ साली तो एकदा युरोपला जाऊन आलाच होता. १८५६ नंतर तर इथे परत यायचं नाही हे ठरलं होतं. १८५८च्या फेब्रुवारीत त्याने लग्न केलं. कुठे? मेरठला! होय, आपल्या मेरठला, जिथून आदल्याच वर्षी मे महिन्यात सत्तावनचा उठाव पेटला होता. बायको एमा ही जॉन क्रॅक्रॉफ्ट विल्सन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची मुलगी. या विल्सनसाहेबांनी १८५४ साली क्राइस्टचर्चजवळ जमीन घेतली, तिला काश्मीरचं नाव दिलं आणि बरोबर हिंदी नोकर आणले. क्राइस्टचर्चचं कॅश्मीअर उपनगर ते हेच. त्या नोकरांसाठी १८७० साली बांधलेलं दगडी घर तिथे अजून उभं आहे. आपण इथले पहिले, असं आपल्याला उगाच वाटत असतं. आपल्या आधी दीडशे वर्षं कोणीतरी त्या दगडी घरात भाकरी भाजली आहे, आणि त्यांना 'पाच वर्षांनी परत जाऊ' असं म्हणायची मुभा होती की नाही, कोण जाणे.

मधली वर्ष-दोन वर्षं ऑकलंडला काढावी लागली ती सोडली तर कॅम्पबेल कुटुंब १८७१ पर्यंत युरोपातच राहिलं. चित्रं, संगीत, इटली. पैसा ऑकलंडहून येत होता तोवर सगळं छान. पण १८६५ साली राजधानी वेलिंग्टनला गेली, ऑकलंडला मंदी आली, मागे ठेवलेल्या माणसांकडून कारभार नीट होईना. शेवटी धनी स्वतः परत आला, थोड्या दिवसांसाठी, घडी बसवून देण्यापुरता. ते 'थोडे दिवस' पुढची चाळीस वर्षं पुरले.

ब्राउन मात्र परत गेला तो गेलाच. १८७३ साली कॅम्पबेलने त्याचा वाटा विकत घेतला आणि भागीदारी संपली. डोक्यावर कर्ज आणि त्यात १८८०च्या दशकातली मोठी मंदी. कॅम्पबेल बुडता बुडता वाचला. घरातही दुःख कमी नव्हतं. चार मुलांपैकी तीन त्याच्या हयातीतच गेली. ज्या मुलांसाठी आठवणी लिहायला घेतल्या होत्या, त्यांच्यातली ती तीन. त्या आठवणींचं पुस्तक १८८१ साली लंडनला छापलं गेलं, नाव 'पोएनामो'. ऑकलंडच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांचं इतकं जिवंत वर्णन दुसरीकडे मिळत नाही. गंमत पाहा, ज्या गावात राहायचंच नव्हतं, त्या गावाचा जन्म लिहून ठेवायचं काम याच्या हातून झालं.

आता पार्काकडे येऊ. १८५३ साली ब्राउन आणि कॅम्पबेल यांनी वन ट्री हिलच्या पायथ्याची जवळजवळ हजार एकरांची जमीन थॉमस हेन्री नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतली. हेन्रीने ती माओरींकडून घेतलेली. मंदीच्या काळात तिचे तुकडे करून विकली असती तर म्हाताऱ्याचं कर्ज कधीच फिटलं असतं. त्याने ती धरून ठेवली. ऑलिव्हची झाडं लावली. तो राई पार्कात अजून आहे. पुढे १८९७ साली त्याचा दारूभट्टीचा धंदा एहरेनफ्रीड या व्यापाऱ्याच्या धंद्याशी जोडला गेला आणि हात मोकळा झाला.

१९०१च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजपुत्र, ड्यूक ऑफ कॉर्नवॉल अँड यॉर्क, सपत्नीक ऑकलंडला येणार होता. त्या वेळचे मेयर डेव्हिड गोल्डी कट्टर दारूबंदीवाले. राजपुत्राच्या स्वागताला हातात मद्याचा प्याला धरणार नाही म्हणून त्यांनी चक्क राजीनामा दिला. मग प्याला कोण धरणार? ज्याची स्वतःची दारूभट्टी आहे तो! त्र्याऐंशी वर्षांच्या कॅम्पबेलला काही महिन्यांसाठी मेयर केलं, आणि त्या स्वागताच्या मुहूर्तावर त्याने २३० एकर जमीन लोकांना देऊन टाकली. राजपुत्राच्या पदवीवरून नाव पडलं कॉर्नवॉल पार्क. पार्क १९०३ साली खुलं झालं. तोच राजपुत्र पुढे पाचवा जॉर्ज झाला आणि १९११ साली मुंबईला अपोलो बंदरावर उतरला. त्याची आठवण म्हणून आपलं गेटवे ऑफ इंडिया. गेटवेसमोर फोटो काढून विमानात बसायचं आणि इकडे येऊन कॉर्नवॉल पार्कात फोटो काढायचा; आपल्या अल्बममधली दोन टोकं एकाच पाहुण्याने बांधलेली आहेत.

२२ जून १९१२ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, कॅम्पबेल पार्नेलमधल्या आपल्या घरी वारला. ते घर आता नाही. त्या जागी गुलाबांची बाग आहे, तीही आपल्या पिकनिकची जागा. त्याला पुरलं ते मात्र वन ट्री हिलच्या अगदी माथ्यावर. एडिंबरोत नाही, इटलीत नाही. जिथून ऑकलंडची दोन्ही बंदरं दिसतात, तिथे.

इथे लेख संपवता आला असता. 'परत निघालेला माणूस अखेर इथलाच झाला' असं म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. पण २०१४ साली माझी मुलगी सई, तेव्हा तेरा वर्षांची, माझ्याबरोबर त्या माथ्यावर उभी होती. मी मोठ्या हौसेने तिला ही सगळी कथा सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारलं, "पण बाबा, द्यायला ती जमीन त्याची होती का?"

अण्णांची नात शोभली.

त्या टेकडीचं खरं नाव मौंगाकीएकीए. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांसारखे सपाट टप्पे दिसतात ना, ज्यांवरून आपली मुलं घसरगुंडी करतात, ते निसर्गाने केलेले नाहीत. तो माओरींचा किल्ला होता, 'पा'. घरं होती, धान्याचे खड्डे होते, कुंपणं होती. अठराव्या शतकात वाइओहुआ जमातीचा प्रमुख किवी तामाकी इथे नांदत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर हा त्यांचा रायगड. कोणा परक्याने रायगडाच्या माथ्यावर पिकनिकची बाग केली आणि उदार मनाने ती आपल्यालाच भेट दिली, तर आपल्याला काय वाटेल? मीही हा विचार त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

ज्या एका झाडावरून टेकडीला इंग्रजी नाव पडलं, ते तिथलं मूळ झाड गोऱ्या लोकांनी १८५२ सालीच तोडलं होतं. कॅम्पबेलने पुढे तिथे झाडं लावली, त्यांतले पाइन जगले. मी १९९६ साली आलो तेव्हा शेवटचा पाइन लोखंडी तारांनी बांधून उभा केलेला होता, कारण १९९४ साली एका माओरी कार्यकर्त्याने सरकारच्या धोरणाचा निषेध म्हणून त्याच्यावर यांत्रिक करवत चालवली होती. १९९९ साली पुन्हा हल्ला झाला आणि २०००च्या ऑक्टोबरात झाड काढावं लागलं. कितीतरी वर्षं 'वन ट्री हिल'वर एकही झाड नव्हतं. २०१६ साली माओरी जमातींनी विधिपूर्वक तोतारा आणि पोहुतुकावाची रोपं लावली.

माथ्यावरचा उंच दगडी स्तंभ कॅम्पबेलच्या मृत्युपत्रातल्या पाच हजार पौंडांतून उभा आहे. तो त्याने स्वतःसाठी नाही, माओरींसाठी सांगितला होता. माओरी जमात आता नामशेष होणार, असं त्या काळच्या अनेक गोऱ्यांप्रमाणे त्यालाही वाटत होतं. म्हणून आदराने स्मारक. स्तंभ १९४० साली बांधून झाला, पण अनावरण झालं ते १९४८ साली, कारण युद्धात रक्त सांडत असताना असा समारंभ करायचा नाही, ही माओरींची रीत. म्हणजे ज्यांचं स्मारक बांधलं, तेच जिवंतपणी सांगत होते की आत्ता थांबा! सईने प्रश्न विचारला त्याच वर्षी, २०१४ साली, कायदा होऊन मौंगाकीएकीएसह ऑकलंडच्या चौदा ज्वालामुखी टेकड्यांची मालकी तेरा जमातींना परत मिळाली. कॅम्पबेलचं पार्क मात्र आजही विश्वस्तांकडे आहे. म्हणजे टेकडीचा माथा मूळ मालकांचा, पायथा म्हाताऱ्याच्या ट्रस्टचा, आणि चादर आपली.

सईला काय उत्तर दिलं? मी तिला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांची कराडजवळ बारा एकर जमीन होती. कसत दुसरंच कुटुंब होतं, दोन पिढ्या. १ एप्रिल १९५७ला कूळकायद्याने जमीन कसणाऱ्यांची झाली. आजोबा मरेपर्यंत म्हणत, "आमची जमीन गेली." अण्णांनी मात्र एकदा शांतपणे म्हटलं होतं, "गेली कुठे? आहे तिथेच आहे. ज्याने नांगरली त्याच्याकडे आहे." सई म्हणाली, "मग इथे नांगरली कोणी?" मी म्हटलं, "त्याचं उत्तर तू शोध. तुझा देश आहे." हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझंच ऐकू आलं. तोपर्यंत मी 'त्यांचा देश' म्हणत असे.

अण्णा त्याआधीच, २०१२ साली गेले. रात्री दादाचा फोन आला. मिळेल ते विमान धरून निघालो, तरी कराडला पोचलो तो तिसऱ्या दिवशी. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर मी अस्थी सोडल्या, यशवंतरावांच्या समाधीपासून थोड्या अंतरावर. पाणी नेहमीसारखंच वाहत होतं. "परत आलास का रे?" असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी दादाने सांगितलं, घर आता सांभाळवत नाही, विकायचं म्हणतोय, तुझी सही लागेल. मी महिनाभर टाळलं. सौ. काही बोलल्या नाहीत. एका रविवारी मी एकटाच पार्कात गेलो. पुतळ्यापासून सुरुवात केली, अकेशिया कॉटेजवरून, ऑलिव्हच्या राईतून चढत माथ्यावर गेलो. पाऊण तास लागतो, आमच्या वयाला एक तास. वर वारा भणाणत होता. म्हाताऱ्याच्या थडग्यापाशी थोडा वेळ बसलो.

हा माणूस मला थोर वाटत नाही. तो संधी साधणारा व्यापारी होता, आणि त्याच्या पैशाच्या मुळाशी त्या वीस विजारी आणि पन्नास ब्लँकेटं आहेत. पण एक गोष्ट त्याने केली. उभा जन्म एक पाय बोटीत ठेवून काढला, आणि शेवटी ज्या मातीने दिलं, तिथेच तिचा मोठा तुकडा सोडून गेला. दहा-अकरा मंडळी चादर पसरून बसतील, त्यांची नावं, भाषा, देश आपल्याला माहीत नसतील, हे त्याने मान्य केलं. परत जायचं की नाही, हा प्रश्न आपण आयुष्यभर उगाळतो. इथे असेपर्यंत इथल्यांसाठी काय केलं, आणि हे इथलं आधी कोणाचं होतं याची आठवण ठेवली का, हे दोन प्रश्न मात्र आपण पुढच्या पिढीवर ढकलून मोकळे होतो.

सोमवारी मी सही करून कागद पाठवले. माझ्या वाट्याच्या पैशातले काही अण्णांच्या शाळेच्या वाचनालयाला दिले. उरलेल्यांचं काय करायचं ते सई ठरवणार आहे. ती आता इथे शाळेत इतिहास शिकवते. तिच्या वर्गाची सहल याच टेकडीवर येते, आणि मुलांना वर नेऊन ती आधी नाव सांगते, मौंगाकीएकीए, मग गोष्ट.

तर मंडळी, येत्या उन्हाळ्यात पार्कात जाल तेव्हा गाडी लावून थेट चादर पसरू नका. आधी पुतळ्यापाशी थांबा. मग माथ्यापर्यंत चालत जा. बरोबर आई-वडील असतील तर त्यांचा हात धरा, चढ शेवटी थोडा उभा आहे. आणि त्यांनी विचारलं, "हा परत गेला का कधी?" तर माझ्यासारखी वेळ मारून नेऊ नका. सांगा, "गेला होता. मग पुन्हा आला." पुढचा प्रश्न ते विचारतीलच.